औषधी द्रव्यांच्या परिभाषेत शिरताना : वनस्पतिशास्त्रीय आणि जीवरासायनिक संज्ञा वाचण्याची रीत

दहावीपर्यंत मराठीतून शिकून पुढे आयुर्वेद किंवा फार्मसीकडे वळलेला विद्यार्थी औषधी वनस्पतीवरचे एखादे पान पहिल्यांदा उघडतो, तेव्हा त्याचा जो गोंधळ उडतो त्याचे खापर तो बहुधा इंग्रजीवर फोडतो. खरी अडचण निराळी असते. त्या एका पानावर चार शास्त्रांची परिभाषा एकत्र नांदत असते : नाव वर्गीकरणशास्त्राचे, अवयवाचे वर्णन वनस्पतिरचनेचे, घटकांची यादी रसायनशास्त्राची आणि शुद्धतेचे आकडे औषधनिर्मितीचे. या सगळ्या संज्ञा एकाच यादीत ओळीने घालून पाठ केल्या, तर त्या परीक्षेपुरत्या टिकतात आणि पुढे एकमेकींत मिसळतात. द्रव्यगुण, म्हणजे आयुर्वेदातील औषधी द्रव्यांचा विषय, शिकताना आणि नंतर कच्चा माल तपासताना मला जी रीत उपयोगी पडली ती एवढीच, की समोर आलेली संज्ञा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे आधी ठरवायचे आणि तिची व्याख्या त्यानंतर वाचायची. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

सुरुवातीला जवळ काय असावे

- दहापट मोठे दाखवणारे हातभिंग, एक धारदार ब्लेड आणि पांढरा कागद.
- किराणा व काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली थोडी द्रव्ये : अख्खी हळद, आले, बडीशेप, ओवा, मेथी, लवंग, काळी मिरी, रिठा, बाभळीचा डिंक, खडा हिंग, हिरडा, ज्येष्ठमध.
- आयुर्वेदिक फार्माकोपियाचे, म्हणजे औषधी द्रव्यांची अधिकृत प्रमाणके देणाऱ्या ग्रंथाचे, खंड, निदान ग्रंथालयात बसून चाळण्यापुरते.
- भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश. दोन्ही आंतरजालावर पाहता येतात.
- वनस्पतीचे मान्य नाव तपासण्यासाठी लंडनच्या क्यू उद्यानाचे ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ हे संकेतस्थळ.
- एक जाड वही. मोबाइलमधल्या नोंदी शोधायला सोप्या असतात हे खरे, परंतु आकृती हाताने काढल्याशिवाय अवयवांच्या संज्ञा डोक्यात बसत नाहीत, असे माझे मत आहे.

१. द्रव्याच्या व्याख्येचे पहिले वाक्य फोडा

फार्माकोपियात प्रत्येक द्रव्याची सुरुवात एका ठरावीक धाटणीच्या वाक्याने होते. उदाहरणार्थ, अश्वगंधा म्हणजे सोलॅनेसी कुलातील विथानिया सोम्निफेरा या वनस्पतीची वाळवलेली, पक्व मुळे. या छोट्या वाक्यात कुल, वनस्पती, अवयव, त्याची पक्वता आणि त्याची अवस्था अशी पाच उत्तरे आहेत, आणि त्यांपैकी एकही बदलले तरी द्रव्य बदलते. अश्वगंधेची पाने ही त्याच झाडाची असूनही या व्याख्येत बसत नाहीत. कुड्याची साल हे एक द्रव्य आणि त्याच कुड्याचे बी, म्हणजे इंद्रजव, हे दुसरे. आवळ्याचे ताजे फळ आणि वाळवलेला गर यांचाही विचार वेगवेगळा करावा लागतो. म्हणून वहीत ‘अश्वगंधा’ असा नुसता मथळा न लिहिता हे पाच रकाने आखावेत आणि पुढचा सगळा मजकूर त्यांच्याखाली यावा.

२. नाव वाचायला शिका

कार्ल लिनीयसने १७५३ साली वनस्पतींसाठी जी द्विनाम पद्धती रूढ केली तीच आजही चालते. तीत पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो. येथे पहिला सापळा आहे. शालेय पुस्तकांत आणि विश्वकोशात प्रजाती हा वरचा गट आणि जाती हा त्याच्या आतला गट, असा अर्थ आहे. वर्तमानपत्रांत मात्र ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापून येते तेव्हा लेखकाला बहुतेक वेळा जाती म्हणायचे असते. तुमच्या लेखनात पुस्तकातलाच अर्थ ठेवा.

नावानंतर ते देणाऱ्या शास्त्रज्ञाचे संक्षिप्त नाव येते, आणि कधी त्याच्याआधी कंसात दुसरे नाव असते. अश्वगंधेच्या बाबतीत कंसात लिनीयस आणि बाहेर ड्युनाल आहे. लिनीयसने ही वनस्पती फायसॅलिस प्रजातीत ठेवली होती, ड्युनालने ती विथानियात हलवली, असा त्याचा अर्थ. हे कळले की एकाच झाडाची दोन-दोन नावे का दिसतात याचा उलगडा होतो. जुन्या पुस्तकांतला ॲढाटोडा व्हासिका म्हणजे आजचा जस्टिसिया ॲढाटोडा, म्हणजे आपला अडुळसा. एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस म्हणजे फायलँथस एम्ब्लिका, म्हणजे आवळा. कॅशिया अँगस्टिफोलिया म्हणजे सेन्ना अलेक्झांड्रिना, म्हणजे सोनामुखी. जुने नाव दिसले म्हणून पुस्तक टाकाऊ ठरत नाही. दोन्ही नावे लिहून मान्य नावाखाली रेघ ओढावी. कुलांच्या नावांतही अशा जोड्या आहेत, आणि आठ कुलांच्या बाबतीत दोन्ही नावे नियमानेच ग्राह्य आहेत. ओवा-बडीशेपेचे अंबेलिफेरी आणि एपिएसी हे एकच कुल, तुळशी-पुदिन्याचे लॅबिएटी आणि लॅमिएसी हेही एकच.

जातिवाचक शब्दाचा अर्थ पाहून ठेवण्याची सवय लावली तर नाव लवकर पाठ होते. ऑफिसिनॅलिस म्हणजे औषधालयात ठेवली जाणारी, सटायव्हा म्हणजे लागवडीखालची, ग्लॅब्रा म्हणजे लव नसलेली, सोम्निफेरा म्हणजे झोप आणणारी. सफेद मुसळीचे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम हे नाव तर थेट मुंबईच्या बोरिवलीवरून पडलेले आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र स्थानिक नावांत असतो. महाराष्ट्रातल्या अनेक रोपवाटिकांत ‘ब्राह्मी’ म्हणून जे रोप मिळते ते बहुधा सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी किंवा कोकणातला करिवणा असतो; फार्माकोपियातली ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी. दोन्ही औषधीच आहेत, पण त्यांची कुले वेगळी आणि घटक वेगळे. शंखपुष्पी या नावाखाली तर निदान तीन वनस्पती वापरात आहेत. लॅटिन नाव नसलेली कोणतीही नोंद अपुरी समजावी.

३. अवयवाची संज्ञा हातात घेऊन तपासा

या पायरीवर घाई करू नका, कारण बाजाराची भाषा आणि वनस्पतिशास्त्राची भाषा येथेच सर्वांत जास्त फारकत घेतात.

आल्याचा तुकडा धुऊन भिंगाखाली धरा. त्यावर आडवी कडी दिसतात. ती पेरांवरची, गळून गेलेल्या खवलेवजा पानांची वणे आहेत. दोन कड्यांमधला भाग म्हणजे कांडे, आणि बाजूला फुगलेले डोळे म्हणजे कळ्या. पेरी, पानांची वणे आणि कळ्या या तिन्ही खुणा खोडाच्या आहेत, मुळावर त्या नसतात. म्हणून आले आणि हळद जमिनीखाली वाढत असली तरी ती मुळे नव्हेत, तर मूलक्षोड, म्हणजे जमिनीत आडवे वाढणारे खोड आहे. शतावरी आणि सफेद मुसळीच्या वापरात येणाऱ्या भागावर यांतली एकही खूण सापडत नाही. ती अन्न साठवून फुगलेली खरी मुळे आहेत. बटाटा हे ग्रंथिक्षोड, कांदा व लसूण हे कंद, आणि सुरण हा दृढकंद. बोलीत आपण या सगळ्यांना सरसकट कंद म्हणतो आणि स्वयंपाकघरात त्याने काही बिघडत नाही. औषधाच्या व्याख्येत मात्र बिघडते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली खोडाची आणि मुळाची ऊतकरचना निराळी दिसते आणि भेसळ पकडण्याचा आधार तीच असते.

आता बडीशेपेचा एक दाणा घ्या. नखाने दाबल्यावर त्याचे दोन भाग होतात आणि प्रत्येक भागावर पाच उभे कंगोरे दिसतात. आपण याला बी म्हणतो, पण ते संपूर्ण फळ आहे. अशा फुटणाऱ्या फळाला पालिभेदी फळ म्हणतात, आणि ओवा, जिरे, शोपा यांचेही तसेच. धनेही याच प्रकारचे असले तरी त्यांचे दोन भाग चिकटून राहतात. हा फरक नुसत्या नावाचा नाही. बडीशेपेला वास देणारे तेल ज्या सूक्ष्म तैलनलिकांत असते त्या फळाच्या भित्तीत असतात. ते ‘बी’ धरून चालल्यास तेल नेमके कोठे शोधायचे हेच चुकते. ब्लेडने आडवा पातळ काप घेतला तर चांगल्या सूक्ष्मदर्शकात त्या नलिका कंगोऱ्यांच्या मधोमध तपकिरी ठिपक्यांसारख्या दिसतात. मेथी आणि मोहरी ही मात्र खरीखुरी बिया आहेत. काळी मिरी हे अपक्व वाळवलेले फळ, आणि लवंग ही न उमललेली फुलाची कळी.

फुलाच्या भागांबाबत एक इशारा. मराठीत दोन परिभाषा चालतात : पाठ्यपुस्तकांत निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग, तर विश्वकोशात संवर्त, पुष्पमुकुट, केसरदले, किंजदले. कोणतीही एक निवडा, दुसरी ओळखण्यापुरती ठेवा आणि एकाच लेखात दोन्ही मिसळू नका. त्यातच केशराचा घोळ आहे. केसरदल म्हणजे पुंकेसर, तर बाजारातले केशर म्हणजे क्रोकस सटायव्हसचे किंजल्क, म्हणजे स्त्रीकेसराचा वरचा भाग. नागकेशर मात्र मेसुआ फेरियाचे खरोखरच पुंकेसर असतात.

साल या संज्ञेचीही नेमकी व्याख्या आहे : खोडातील ऊतककर या थराच्या बाहेरचा सगळा भाग. त्यात फक्त वरचे खरखरीत आवरण येत नाही, आतली रसवाहिनीही येते. पानांची मांडणी, कडा, शिरा यांच्या संज्ञा संख्येने पुष्कळ असल्या तरी चित्रे पाहून त्या आपोआप जमतात. त्यासाठी येथे जागा घालवत नाही.

४. रासायनिक संज्ञा तीन ढिगांत वाटा

घटकांच्या यादीत अल्कलॉइडे, ग्लायकोसाइडे, सॅपोनिने, टॅनिने, टर्पिनॉइडे, रेझिने असे शब्द एका ओळीत येतात आणि जणू ते एकाच कसोटीवर पाडलेले गट आहेत असा समज होतो. तसे ते नाहीत. काही संज्ञा रेणूची रचना सांगतात, काही त्या पदार्थाचे वर्तन सांगतात, तर काही केवळ तो झाडातून कोणत्या रूपात बाहेर येतो ते सांगतात. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझीन एका पुस्तकात ट्रायटर्पिनॉइड, दुसऱ्यात ग्लायकोसाइड आणि तिसऱ्यात सॅपोनिन म्हणून सापडते, आणि तिन्ही पुस्तके बरोबर असतात : त्याच्या साखरविरहित भागाचा सांगाडा ट्रायटर्पीनचा आहे, त्याला साखरेपासून बनलेली आम्ले जोडलेली आहेत, आणि पाण्यात हलवल्यावर त्याला फेस येतो.

रचनेच्या ढिगात पुढील संज्ञा ठेवा.

*अल्कलॉइड* : नायट्रोजनयुक्त, बहुधा अल्कधर्मी, बहुधा वनस्पतिजन्य आणि थोड्या मात्रेतही शरीरावर ठळक परिणाम करणारे कार्बनी संयुग. व्याख्येतला ‘बहुधा’ गाळू नका, कारण कळलावीतले कोल्चिसीन जवळजवळ उदासीन असूनही याच गटात मोडते. सर्पगंधेतले रेसर्पीन, मिरीतले पायपरीन, अडुळशातले व्हॅसिसीन आणि सिंकोनाच्या सालीतून पेल्त्ये व काव्हाँतू या रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये वेगळे केलेले क्विनीन ही ठळक उदाहरणे. मुक्त अल्कलॉइड सहसा कार्बनी द्रावकात विरघळते आणि आम्लाबरोबर झालेले त्याचे लवण पाण्यात. झाडातून ते काढून घेण्याची नेहमीची पद्धत याच गुणावर उभी आहे.

*ग्लायकोसाइड* : साखरेचा भाग आणि साखरविरहित भाग, म्हणजे अग्लायकोन, यांच्या जोडणीतून झालेले संयुग. पाण्याच्या साहाय्याने, आम्लाने किंवा विकराने ही जोडणी तुटते. सोनामुखीतील सेनोसाइडे गिळल्यावर मोठ्या आतड्यातील जिवाणू ती तोडतात, म्हणून तिचा परिणाम लगेच न होता काही तासांनी दिसतो. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये ज्या डिजिटॅलिस वनस्पतीच्या पानांविषयी लिहिले त्यातील घटक हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइडे आहेत. आपल्या कुंपणावरच्या कण्हेरीत आणि बिट्टीतही त्याच जातकुळीची ग्लायकोसाइडे असतात आणि ती जीवघेणी ठरू शकतात.

*टर्पिनॉइड* : पाच कार्बनांच्या आयसोप्रीन घटकांपासून रचलेली संयुगे. दहा कार्बनांचे मोनो, पंधरांचे सेस्क्वी, वीसांचे डाय आणि तीसांचे ट्राय. मलेरियावरील आर्टेमिसिनीन, ज्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सेस्क्वीटर्पीन आहे.

वर्तनाच्या ढिगात सॅपोनिन आणि टॅनिन येतात. रिठ्याचा तुकडा पाण्यात टाकून बाटली जोराने हलवली की टिकणारा फेस येतो, तो सॅपोनिनांचा. हिरड्याचा तुरटपणा टॅनिनांचा, कारण टॅनिने प्रथिनांशी बांधली जाऊन त्यांचा साका करतात. कातडी कमावण्यामागचे तत्त्वही हेच.

रूपाच्या ढिगात डिंक, रेझीन (राळ) आणि तेले. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, अल्कोहोलात नाही. रेझिनाचे बरोबर उलट. खड्याचा हिंग पाण्यात घोटला की दुधासारखे पांढरट मिश्रण होते, कारण त्यात डिंक, रेझीन आणि बाष्पनशील तेल हे तिन्ही असतात, आणि गुग्गुळाचेही तसेच. बाष्पनशील तेल वाफेबरोबर उडते, कागदावर कायमचा डाग ठेवत नाही; तिळाचे किंवा एरंडाचे स्थिर तेल ठेवते. हा कागदाचा प्रयोग लवंगतेलाचा एक थेंब आणि तिळाच्या तेलाचा एक थेंब शेजारी टाकून घरीच करता येतो, मात्र निष्कर्षासाठी काही तास थांबावे लागते.

५. हे सापळे टाळा

*नावाच्या शेवटावर भरवसा.* रोमन लिपीत अल्कलॉइडांच्या नावांच्या शेवटी ‘ई’ हे एक जादा अक्षर येते आणि ग्लायकोसाइड वगैरेंच्या नावांत ते नसते, असा संकेत आहे. देवनागरीत ते अक्षर उतरत नाही, त्यामुळे पायपरीन आणि कुर्क्युमिन ही नावे कानाला सारखीच वाटतात. पहिले अल्कलॉइड आहे, दुसऱ्यात नायट्रोजनच नाही. मूळ संकेतालाही अपवाद आहेत : आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडणारे, कर्करोगावरील औषधांचा पाया ठरलेले कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड असूनही त्या संकेताप्रमाणे लिहिले जात नाही.

*कडू म्हणजे अल्कलॉइड.* किराइताचा कडूपणा अँड्रोग्राफोलाइड या डायटर्पिनॉइडाचा आहे आणि कडुलिंबाचा लिमोनॉइडांचा, म्हणजे टर्पिनॉइडांच्याच एका गटाचा.

*चव घेऊन ओळखणे.* किराणा दुकानातल्या मसाल्यांपलीकडे काहीही जिभेवर ठेवू नका. धोतरा, कण्हेर, बिट्टी, काजरा, कळलावी, गुंज यांच्या बाबतीत तर कणभरही नाही, आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

*एकाच चाचणीवर निकाल.* अल्कलॉइड ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ड्रॅजेनडॉर्फ अभिकर्मकाने नारिंगी-तपकिरी साका आला म्हणजे अल्कलॉइड असण्याची शक्यता, एवढेच. प्रथिनांमुळेही तो येऊ शकतो. उलट चहातले कॅफीन अल्कलॉइड असूनही मायर या तशाच दुसऱ्या अभिकर्मकाला दाद देत नाही. फेरिक क्लोराइडने येणारा निळा-काळा किंवा हिरवा रंग कोणत्याही फिनॉलाचा असू शकतो, म्हणून टॅनिनासाठी जिलेटिनाची चाचणी जोडीला घ्यावी.

*घटक म्हणजे औषध.* मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेविषयी जो निबंध प्रसिद्ध केला तो मुळाच्या वापराचा होता. रेसर्पीन त्यानंतर, १९५२ मध्ये वेगळे झाले. मुळाविषयीचे विधान शुद्ध घटकाला किंवा घटकाविषयीचे विधान मुळाला परस्पर लावू नये. त्याचप्रमाणे ‘मार्कर’ ही संज्ञा ओळख आणि मापन यांसाठी निवडलेल्या घटकाची आहे. औषधाचा परिणाम त्याच्यामुळेच होतो असे ती सांगत नाही. प्रयोग काचपात्रात झाला की सजीव देहात, हेही नोंदीत लिहावे.

६. शुद्धतेच्या संज्ञा कशाची चाहूल देतात ते पाहा

एकूण राख म्हणजे द्रव्य जाळल्यावर उरणारा खनिज भाग. आम्लात न विरघळणारी राख प्रामुख्याने सिलिकाची असते, म्हणून ती वाढली की मुळांबरोबर माती किंवा वाळू आली असे समजावे. जलविद्राव्य आणि मद्यविद्राव्य, म्हणजे पाण्यात आणि अल्कोहोलात विरघळणारे, अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी भरले, तर माल जुना, निकृष्ट किंवा अर्क काढून घेतलेला असण्याची शंका घ्यावी. वाळवल्यावर होणारी घट ओलाव्याविषयी सांगते, आणि ओलावा जास्त म्हणजे बुरशीला आमंत्रण. पातळ थर वर्णलेखनात, म्हणजे पातळ थरावर घटक वेगळे करण्याच्या पद्धतीत, मिळणारे ठिपके नेहमी अस्सल नमुन्याच्या ठिपक्यांशेजारी ठेवूनच वाचायचे असतात.

७. एक नोंद पूर्ण लिहून पाहा

अडुळशाची नोंद अशी होईल. मान्य नाव जस्टिसिया ॲढाटोडा, जुने नाव ॲढाटोडा व्हासिका, कुल ॲकँथेसी, अवयव पान, मांडणी समोरासमोर, कडा अखंड, रचनेचा गट अल्कलॉइड, मुख्य घटक व्हॅसिसीन, संबंधित आधुनिक औषध ब्रोमहेक्सीन, जे व्हॅसिसिनाच्या रचनेवरून कृत्रिमरीत्या तयार झाले, चाचणी ड्रॅजेनडॉर्फ, शंका असल्यास समासात प्रश्नचिन्ह. रस, वीर्य, विपाक या आयुर्वेदीय गुणधर्मांचे रकाने यांच्या शेजारी स्वतंत्र ठेवावेत. तिक्त, म्हणजे कडू, रसाचा अर्थ अल्कलॉइड असा लावण्याचा मोह काही नव्या पुस्तकांनाही होतो, पण त्या दोन परिभाषांचे प्रश्नच वेगळे आहेत.

८. ओळख पक्की करून घ्या

प्रकल्प किंवा प्रबंधासाठी वनस्पती वापरणार असाल तर तिचा प्रमाणित नमुना वनस्पतिसंग्रहालयात तपासून घ्यावा लागतो. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पश्चिम विभागीय केंद्र, तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम येथे असे संग्रह आहेत. नुसती मुळे किंवा चूर्ण नेऊन काम होत नाही. फुलाफळांसह फांदी, गोळा केल्याचे ठिकाण, तारीख, झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग आणि स्थानिक नाव यांची चिठ्ठी बरोबर हवी. फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी आणि पावसाळ्यात कागद रोज बदलावेत. झाड फुलावर नसेल तर हंगामाची वाट पाहावी लागते, म्हणून प्रकल्पाचे वेळापत्रक ठरवण्याआधीच त्या वनस्पतीचा फुलोऱ्याचा महिना पाहून ठेवा.